पुढे जाऊ का?

मित्रांनो, शेवटी एका रविवारी मी माझी जागा सोडून पुढे गेलो. पण हे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे समजा, कारण नोंदवहीत तसे काही घडलेले नाही.

तर, मी एक जुना फलक आहे. डोंगरावरच्या पायवाटेच्या टोकाला, कड्याच्या दोन हात अलीकडे उभा आहे. पिवळा पत्रा, लोखंडी खांब. रंगाऱ्याने माझ्यावर "पुढे जाऊ नका" एवढेच लिहिले. सहा अक्षरे, मोजून पाहा. मग मागे सरकून, एक डोळा मिटून तो म्हणाला, "झकास!" माझे कौतुक झाले ते तेवढेच.

माझे तोंड पायवाटेकडे, पाठ दरीकडे. एकोणीस वर्षे मला समोर कचऱ्याचा डबा दिसतो. डबा सोडून सगळीकडे कचरा असतो. माझ्या मागे जायला मनाई असल्यामुळे गर्दी तिकडेच असते. "अगं, बघ तरी!" "आईशप्पथ!" काय बघायचे, ते मला कोणी सांगितलेले नाही.

सोबतीला एक पहारेकरी होता. शिट्टी फुंकून तो लोकांना मागे हाकायचा आणि दुपारी माझ्या खांबाला पाठ टेकून डबा खायचा. पाठीला पाठ. त्याचे तोंड दरीकडे. दोन घास झाले की तो म्हणायचा, "वा!" भाजीला म्हणतो, असे मी बरीच वर्षे समजत होतो.

फोटो काढताना लोक माझ्यावर हात ठेवतात आणि का कोण जाणे, सगळ्यांचा हात "न" वरच पडायचा. झिजत झिजत "न" गेला. उरले, "पुढे जाऊ का".

हुकूम सोडणारा मी परवानगी मागू लागलो. लोक खिदळत "जा की!" म्हणायचे आणि स्वतःच जायचे. पहारेकऱ्याने एकाला अडवले, तर तो म्हणतो, "काका, बोर्डच विचारतोय!"

"आणि खाली पडलास की तू काय विचारशील? वर येऊ का?"

पहारेकऱ्याने रंगासाठी अर्ज केला. कार्यालयाचे उत्तर आले : एका अक्षरासाठी रंग मंजूर होत नाही, किमान पाच अक्षरे पडू द्यावीत.

मग तो रविवार आला. टोपी घातलेला एक तरुण फोन उंच धरून, उलटा चालत माझ्या मागे गेला. पाय घसरला. त्याने माझा खांब धरला आणि तो किंचाळला, "काका!" मी बुंध्यापासून वाकलो. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच मला फोटोशिवाय धरले होते, म्हणून मीही सोडले नाही. पहारेकऱ्याने धावत येऊन त्याला सॅकच्या पट्ट्याने वर ओढले. मी मात्र कड्याबाहेर लटकत राहिलो. पण पाठीवर. दिसले ते आकाश. ते जागेवरूनही दिसते.

पडलेला फलक भंगारात जातो, असा नियम आहे. म्हणून पहारेकऱ्याने मला गुपचूप सरळ केले, बुंध्याशी दगड ठोकले. दुसऱ्या दिवशी मुलीची लाल नेलपॉलिश आणून "न" पुन्हा रंगवला आणि नोंदवहीत लिहिले, "फलक जागेवर. कोणीही पुढे गेले नाही."

पुढच्या महिन्यात त्याची बदली खालच्या वाहनतळावर झाली. निघताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "तुला म्हणून सांगतो, इकडे काही विशेष नाही रे. झाडंच आहेत."

मग एवढी वर्षे तो "वा" कशाला म्हणत होता? पण विचारणार कसे? "न" परत आल्यापासून मला विचारता येत नाही.

मित्रांनो, फोटो खुशाल काढा, पण अक्षरांवर हात ठेवू नका. ठेवायचाच तर पाठीवर ठेवा. म्हणजे, नको. त्यासाठी पुढे जावे लागेल.

प्रति, उद्यान कार्यालय.
विषय : एक दिवस उलटे उभे करून मिळणेबाबत.

महोदय, सुट्टीचा दिवस नको, साधा मंगळवार चालेल. त्या दिवशी माझे तोंड दरीकडे करावे. मी फक्त पाहून घेईन. "वा" म्हणणार नाही. तेवढे अक्षर माझ्याकडे नाही. तरी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.

आपला,
फलक (जागेवर)

सोबत : कोणी नाही.