बतूलबीचा बधना

टप्.

दुपारच्या निजलेल्या घरात एवढाच आवाज झाला. मित्रांनो, दचकू नका, तो मीच. माझ्या तोटीत एखादा थेंब मागे रेंगाळतो आणि सगळे गप्प झाले की खाली पडतो.

मी एक जुना बधना आहे. बधना म्हणजे तोटीचा, तांब्याचा लोटा. इतवारीतल्या तांबटाने मला ठोकून ठोकून पोट दिले. तोटी जोडताना तो स्वतःशीच हसला, "लोट्याले सोंड लावून राहिलो मी." मग आतून कल्हई झाली आणि मी मोमिनपुऱ्यात, बतूलबीच्या घरी आलो.

बतूलबी विणकराची बायको. दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. पण पहाटे मशिदीतून अजान आली की तिचा पहिला हात मला लागे. दिवसातून पाच वेळा नमाज, आणि नमाजेआधी वजू. आधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, नाक, चेहरा, मग कोपरापर्यंत हात. ओला हात डोक्यावरून फिरवायचा आणि शेवटी पाय धुवायचे. पाणी वरून बारीक धारेने पडावे, म्हणून तर मला ही सोंड. सुनेने धार मोठी सोडली की बतूलबी म्हणे, "हळू वं. नदीकाठी बसलो तरी पाणी वाया घालू नये, असं आपल्या पैगंबरानं सांगितलं आहे."

तिच्या घरात देव्हारा नव्हता. तिचा अल्ला एकच, त्याला रूप नाही, मूर्ती नाही. मावळतीकडे, मक्केच्या दिशेने तोंड करून ती उभी राही, वाके, कपाळ जमिनीला टेकवी. ज्याला कुणी पाहिले नाही, त्याच्याशी ती माहेरच्या माणसाशी बोलावे तशी बोले. आणि ईदेच्या सकाळी गल्लीतल्या गरिबाकडे धान्य पोचल्याशिवाय तिच्या शेवया चुलीवर चढत नसत.

भिंतीला भिंत लागून कोष्ट्यांचे, म्हणजे हिंदू विणकरांचे घर होते. तिथे मनकर्णा, तिची सासू आणि लहानगी तारा. दोन्ही घरांतले माग एका तालात वाजत. सूत उसने चाले, विस्तव चाले. पाणी मात्र चालत नसे. त्या काळी तसेच होते, मित्रांनो, आणि कुणाला त्याचे नवलही वाटत नसे.

एका वर्षी रमजान ऐन वैशाखात आला. रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. एके दिवशी नळ सकाळीच आटला. चामड्याच्या मशकीतून घरोघर पाणी घालणारा भिस्तीही आला नाही. घरात पाणी उरले ते माझ्या पोटात, उतरत्या दुपारच्या नमाजेपुरते. बतूलबीच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, पण माझ्याकडे ती अशी पाही, जणू मी कुणाची ठेव आहे.

तेवढ्यात भिंतीपलीकडून मनकर्णाची हाक आली, "बी, इकडे या न. तारा डोळे उघडून नाही राहिली."

पोर उन्हात खेळून आली होती आणि ओसरीवर कोसळली होती. अंग तव्यासारखे, जीभ कोरडी. रांजण पालथा पडलेला. सासू देवळात गेलेली.

"ऊन लागलं तिले," बतूलबी म्हणाली आणि मला घेऊन ओसरीखाली उभी राहिली. "पाणी पाज आधी."

मनकर्णाने माझ्याकडे पाहिले. मग दाराकडे पाहिले. "तुमच्या घरचं पाणी, बी? सासूले समजलं त मले चुलीजवळ येऊ नाही देणार. जातवाले पंगतीतून उठवतीन."

"मी नाही शिवत तिले. तुझी ओंजळ कर. मी वरून धार सोडीन."

मनकर्णा हलली नाही. मित्रांनो, माझ्या पोटात पाणी होते आणि वीतभर अंतरावर एक पोर सुकत होती. मी नुसते भांडे. मला कलंडताही येईना. तेवढ्यात ताराने कोरडे ओठ मिटून पुन्हा उघडले. मनकर्णाने झटकन ओंजळ पुढे केली.

मी वाहिलो. एवढा सावकाश मी कधीच वाहिलो नसेन. आईच्या तळहातावरून ते पाणी पोरीच्या ओठांवर गेले, उरलेले कपाळावर, मानेवर. हळूहळू ताराने डोळे उघडले.

ऊन कलले, नमाजेची वेळ झाली. मी तर रिकामा. बतूलबीने आमच्या अंगणातल्या कोरड्या मातीवर तळहात आपटले, फुंकर मारली आणि ते चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवले.

दोन अंगणांमधल्या कुडाच्या फटीतून तारा आईच्या कुशीतून पाहत होती. "बी, तोंडाले माती काहून लावून राहिली?"

"पाणी नसलं, नाहीतर कोण्या तहानलेल्याले द्या लागलं, त अल्ला मातीलेच पाणी मानते, बेटा."

तारा फटीपासून मागे सरली. मग आईच्या मांडीवर डोके ठेवून म्हणाली, "आई, बीच्या देवाले माती बी चालते. मंग आपल्याले बीचं पाणी काहून नाही चालत वं?"

 मनकर्णा ताराचे ओले केस मागे सारत राहिली.

टप्. माझ्या तोटीतला मागे राहिलेला थेंब तेव्हा पडला.