मोती-पोवळ्यांची ओळ

अनंतपंत दारात उभे राहिले की आमच्या खोलीत अंधार होतो. एवढा देह, आणि त्याहून मोठी घाई. आप्पासाहेब सरदारांचे ते कारकून. उंबरा काही ओलांडायचे नाहीत, ओरडायचे मात्र थेट आतपर्यंत.

"झालं का मकबूलमियाँ? उद्या उरूस आहे. आप्पासाहेब खर्ड्याच्या लढाईहून धडधाकट परत आले, त्याचा नवस आहे. दर्ग्याला कुराण द्यायचंय, आणि ते उद्याच द्यायचंय."

"झालंच पंत," अब्बा म्हणाले. "फक्त थोडा मुकाबला राहिलाय."

मुकाबला म्हणजे आमच्या घरची रीत. कुराण लिहून झालं की ज्याला ते सगळं पाठ आहे तो तोंडाने म्हणतो आणि दुसरा पानावर नजर ठेवतो. जुळलं तरच किताब घराबाहेर जाते. हे आधी करायचं, मग सोनं चढवायचं. पण वर्खाचा कारागीर औरंगाबादला परत निघाला होता. पंत म्हणाले, आधी सोनं उरकून घ्या. अब्बांनी मान डोलावली. माझं डोकं तेव्हाच फिरलं होतं. मी बोलले, तर अब्बा म्हणाले, "बानू, मकतब सोडलेल्या पोरीने मला शिकवायचं नाही."

सोडलं, हो. त्या शाळेत मौलवीसाहेबांनी छडी उगारली, मी ती मोडली. पण अक्षरं काही छडीबरोबर मोडली नाहीत.

पंत संध्याकाळी येतो म्हणून गेले. आम्ही बसलो. दादाजान, म्हणजे अब्बांचे वडील, त्यांचे डोळे कधीच गेलेत. कुराण मात्र त्यांच्या छातीत जसंच्या तसं आहे. ते डोलत म्हणत होते, मी हातपाय-तोंड धुऊन, वजू करून, मोरपिसाची काडी ओळींवरून सरकवत होते. आधीचं सगळं गेल्या काही दिवसांत बरोबर जुळून आलं होतं. शेवटचा थोडा भाग राहिला होता. सूरह रहमान लागली. त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, मध्ये दरवेळी नवी ओळ. दोन दर्यांची ओळ झाली, ती नेहमीची ओळ झाली, मग दादाजान मोती आणि पोवळ्यांचं म्हणाले.

माझी काडी थांबली. पानावर मोतीही नव्हते, पोवळीही नव्हती.

"पुन्हा म्हणा," मी म्हटलं.

पुन्हा म्हणाले. तेच.

"अब्बा, इथे ओळ गेली."

"नीट बघ."

"नीटच बघतेय! एका नेहमीच्या ओळीवरून तुमची नजर पुढच्या नेहमीच्या ओळीवर गेली. मधली राहिली."

अब्बांनी पान डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. मग पुन्हा जवळ. तेव्हा मला कळलं की त्यांना दिसत नाहीये. आणि हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

"समासात लिहा," दादाजान म्हणाले. "रीतच आहे ती. खूण करायची, बाजूला लिहायचं."

"समासात सोन्याची वेल आहे, बाबा. ती खरवडावी लागेल. सगळ्या पुण्याला कळेल की मकबूलचा हात गेला. मग मला कोण काम देईल?" अब्बांनी किताब मिटली. "दर्ग्यात पेटीत राहणार आहे. कोण बघतंय?"

कोण बघतंय! लहानपणी माझी एक मात्रा चुकली तर यांनी मला अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं होतं. रडले तरी.  मी दौत ओढली, कलम उचललं.

"तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहिते. माझं अक्षर कसंय ते माहितीये ना? कोंबडी चालल्यासारखं. तुमच्या किताबेत बसेल ते कायमचं!"

"बानू!"

"मग घ्या!"

दादाजान हसले. "घेऊन टाक रे मकबूल, नाहीतर खरंच लिहील ती."

अब्बांनी कलम घेतलं नाही. सुरी घेतली. समासातलं एक सोन्याचं फूल हळूहळू खरवडलं. मग कलम. अक्षरं थरथरली, पण ओळ पुरी झाली. त्यांनी मला वाचायला लावली, दादाजानांनी ऐकली.

शाई वाळते न वाळते तोच पंत हजर. मी ते पान उघडून दाखवलं. अब्बांनी सांगितलं नव्हतं, तरी.

"हे काय? माशी शाईत बुडून चालत गेली की काय?"

"ओळ राहिली होती," मी म्हटलं.

"मग राहू द्यायची! एवढं सोनं लावलंय, आप्पासाहेब काय वाचणार आहेत हे?"

"मग नुसती पेटीच द्या की दर्ग्याला. तीही छान दिसेल."

"मकबूलमियाँ, पोरीला आवरा." पंतांचा आवाज चढला. "अजून उजेड आहे. यावर वर्ख डकवा, झाकून टाका."

"तुमच्या सनदेत एका गावाचं नाव राहिलं तर झाकता का हो, पंत?"

"सनदेची गोष्ट वेगळी! तिथे समासात लिहून वर शिक्का–" पंत थांबले. माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांच्या तोंडात ते वाक्य घातलं. "आप्पासाहेबांनी विचारलं तर मी काय सांगू?"

मी तोंड उघडलं होतं. पण अब्बा उठले. किताब रेशमी कापडात गुंडाळली आणि उंबऱ्यापर्यंत गेले.

"सांगा, मकबूलची ओळ सुटली, मकबूलनेच भरली. त्याला आता नीट दिसत नाही, हेही सांगा. झाकून न्यायची असेल तर मात्र किताब मिळणार नाही."

पंतांनी नाक फुगवलं. मग दोन्ही हात पुढे करून किताब घेतली. "आमच्याकडून पुन्हा काम येईल असं समजू नका."

"नाही समजत."

ते गेले. खोलीत परत उजेड आला. अब्बा भिंतीला टेकून आपल्या हाताकडे बघत बसले. मला वाईट वाटायला हवं होतं. मला रागच आला होता, तो जाईना. दिसत नाही हे आधीच म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? मी दौत आपटली, शाई सांडली.

"पूस ती," अब्बा म्हणाले. "आणि कलम इकडे आण. तुझी कोंबडी आधी सरळ चालायला शिकवू."

"छडी उगारलीत तर मोडेन."

"माहितीये."

मी शाई पुसली. कलम मात्र त्यांच्यापुढे आपटूनच ठेवलं.