डावीकडची सीट

माणूस कितीही शिकलेला असो, घाबरला की त्याचा पाय चुकीच्या पेडलवर जातो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. बंगळूरच्या जे. पी. नगरमध्ये माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि अर्धं आयुष्य मी गाडीच्या डावीकडच्या सीटवर बसून काढलं आहे. शिकवायच्या गाडीत त्या बाजूलाही एक ब्रेक असतो. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात आणि तो ब्रेक माझ्या पायाखाली, असा आमचा संसार. पुण्या-नागपूरहून आलेले कंपन्यांचे साहेब माझ्याकडे शिकून गेले. समोर बस आली की त्यातले निम्मे जण डोळे मिटून घेत. मी कधी कुणावर ओरडलो नाही. ब्रेक दाबायचा आणि म्हणायचं, "स्वल्प हळू, सर."

आता हा ब्रेक दाबणारा पाय कुठेही चालतो. रिक्षात चालतो. टीव्हीवर गाडी पळताना दिसली तरी चालतो. माझी बायको वसुमती म्हणते, "देवानं यांना पाय दोन दिले, पण कामाला लावलाय एकच."

अशा माणसाच्या घरी चंदना जन्माला आली. वय सोळा. एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला कार्टिंगला गेली आणि तिथल्या मोठ्या पोरांना मागे टाकून आली. मग स्पर्धा सुरू झाल्या, कप घरी येऊ लागले आणि शेवटी होसकोटेच्या पुढे असलेल्या एका ट्रॅकवरच्या रेसिंग प्रशिक्षणात तिची निवड झाली. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं, हे मला अजून कळलेलं नाही. मी पहिल्यापासून विरोधात होतो आणि तसं स्पष्ट बोलूनही दाखवत होतो. माझा धंदा गाडी थांबवण्याचा, हिला ती पळवायची होती.

त्या प्रशिक्षणाची एक पद्धत होती. शेवटच्या रविवारी मुलाच्या आईनं किंवा वडिलांनी यायचं, मूल गाडी चालवत असताना शेजारी बसून तीन फेऱ्या मारायच्या आणि मग सांगायचं, याला पुढे पाठवायचं की नाही. 'हो' म्हटलं तर पोर नव्या मोसमात संघाच्या गाडीत बसणार. 'नाही' म्हटलं तर जागा दुसऱ्याला. बाहेर उभं राहून खुशीत 'हो' म्हणणारे आईबाप पहिल्याच अपघातानंतर पोराला घरी नेतात, असं प्रशिक्षणवाल्यांचं म्हणणं. मला पद्धत पटली. मी आदल्या संध्याकाळी चंदनाला सांगून टाकलं, "तीन फेऱ्यांत एकदा जरी मला माझा ब्रेक हवासा वाटला, तर मी नाही म्हणणार."

"सरी, अण्णा. ठीक आहे," ती म्हणाली. वाद घातला नाही. जेवलीही नाही.

सकाळी व्हाइटफील्डवरून जाताना ती माझ्या शेजारी बसली होती. एक टँकर आडवा आला तेव्हा मी शिवी हासडली, तरी हसली नाही. एरवी हसते.

ट्रॅकवर तिचा शिक्षक तनय भेटला. मूळचा पुण्याचा, स्वतः काही वर्षं रेसिंग केलेला. "काका, एकदम रिलॅक्स राहा. चंदना इज सुपर सेफ," तो म्हणाला. मला बंगळूरमध्ये कुणी काका म्हणत नाही. सर म्हणतात, नाहीतर अण्णा. त्याच्या त्या काकानं मी एका दमात म्हातारा झालो.

गाडी साधीच होती, पण आतून सोलून काढलेली. गालिचा नाही, अस्तर नाही, पायाखाली नुसता पत्रा. मला पट्ट्यांनी आवळून बांधलं, डोक्यावर हेल्मेट घातलं. बसल्या बसल्या मी पायानं ब्रेक चाचपला. नव्हता. असणार नव्हताच, पण मी पुन्हा एकदा चाचपला.

पहिल्या फेरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण मी तिच्यात फारसा हजर नव्हतो. वळण समोर आलं की माझा पाय पत्र्यावर थाडकन आपटायचा आणि गाडी तशीच पुढे सुटायची. मी मनात कुलदैवताचं नाव घ्यायचो आणि मग कुठे चंदना ब्रेक लावायची. दरवेळी वळण पार पडलं. दरवेळी मला वाटलं, हे चुकून झालं.

दुसऱ्या फेरीत पोरगी सुधारली. मी पाय दाबला आणि गाडी त्याच क्षणी हळू झाली. पुढच्या वळणावरही तसंच. मला बरं वाटलं. म्हटलं, शेवटी मुलगी कुणाची आहे! पण मग शंका आली. खात्री करून घ्यायची मला सवय आहे. समोर सरळ, मोकळा रस्ता होता. ब्रेकचं काही कारण नव्हतं. मी पाय आपटला.

गाडी हळू झाली.

ती रस्त्याकडे बघून गाडी चालवत नव्हती. माझा जोडा ऐकून चालवत होती. एवढे आठवडे तनयनं तिला जे शिकवलं, ते मी बसल्या जागी पुसून टाकलं होतं. कठड्याशी उभा असलेला तनय हात हलवून विचारत होता, काय झालं? मला माझीच लाज वाटली. मी दोन्ही पाय उचलले आणि टाचा सीटच्या खाली दाबून धरल्या. ठरवलं, आता काहीही होवो, पत्रा वाजवायचा नाही.

तिसरी फेरी सुरू झाली. सरळ रस्ता संपत आला, वळण जवळ आलं. टाचा मी हलू दिल्या नाहीत. आणि चंदनानं मान वळवली. माझ्याकडे बघितलं. पापणी लवते तेवढंच, पण त्या वेगात तेवढं पुरतं. गाडीची दोन चाकं रस्ता सोडून गवतात उतरली. मी किंचाळलो असेन. तिनं ब्रेक लावला नाही, स्टिअरिंग हिसकलं नाही. गाडीला सरळ त्या मोकळ्या गवतात जाऊ दिलं. गाडी धडधडत गेली आणि वेग संपल्यावर थांबली.

"लागलं का, अण्णा?"

"नाही. तू मान का वळवलीस?"

"तुमचा पाय वाजेना," ती म्हणाली. "वळण आलं तरी वाजला नाही. अय्यो, तुम्हाला काही झालं की काय, म्हणून बघितलं."

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "आणि ब्रेक का नाही लावलास?"

"गवतावर लावला असता तर गाडी फिरून उलटली असती."

मी तिथेच बसून हिशेब केला. मला माझा ब्रेक हवासा वाटला होता का? वाटला होता. जिवाच्या आकांतानं वाटला होता. आणि तो असता तर मी दाबला असता आणि आम्ही दोघं उलटलो असतो.

चंदनानं हेल्मेट काढलं. डोळे भरले होते. "नाही म्हणा, अण्णा," ती म्हणाली. "तसंच ठरलं होतं."

तेवढ्यात तनय पळत आला. "काका, आर यू ओके? कुणाला लागलं नाही ना?"

"पाठवा तिला पुढे," मी म्हणालो. "माझा होकार आहे. पण मी पुन्हा इथे येणार नाही. सरावाला नाही, रेसलाही नाही."

"अहो काका, असं काय करताय? शेजारी थोडंच बसायचंय? वर स्टँडमध्ये बसा."

"मी वर बसलोय हे तिला ठाऊक असेल. मग ती वर बघेल."

मी चंदनाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, नाही अण्णा, तुम्ही यायलाच पाहिजे. निदान एकदा तरी म्हणेल. मी नाहीच म्हणणार होतो, पण तिनं म्हणावं असं मला फार वाटत होतं. तिनं मनगटानं डोळे पुसले, थोडा विचार केला आणि म्हणाली, "हो अण्णा. तेच बरं."

मग ती तनयकडे वळली आणि ते वळण नेमकं कुठून घ्यायला हवं होतं, ते त्याला विचारू लागली. दोघं हातवारे करत बोलत उभे राहिले. मला वाईट वाटलं, रडू येईल इतकं वाईट वाटलं. आणि गेल्या काही महिन्यांत पहिल्यांदाच तिची काळजी जरा कमी झाली.

मी पार्किंगकडे निघालो. गवतातून मुद्दाम सावकाश चाललो, हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. थोडं पुढे गेल्यावर थांबून मागे पाहिलं. ती पुन्हा हेल्मेट चढवून गाडीत बसली होती आणि समोर बघत होती.