कॉलर माइकने ऐकलेले पुरे वाक्य

मित्रांनो, मी एक जुना कॉलर माइक आहे. मुलाखत देणाऱ्याच्या कपड्याला चिमट्याने लावतात तो, शेंगदाण्याएवढा. मला दिसत नाही, फक्त ऐकू येते. माणसे मी श्वासावरून आणि छातीच्या ठोक्यांवरून ओळखतो. खोटे बोलणाऱ्याचा ठोका चुकतो असे म्हणतात, पण माझा तसा अनुभव नाही. काही जण अगदी शांतपणे खोटे बोलतात.

एका परदेशी कारखान्यात मी तयार झालो. पुढे लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून मला रामजीने विकत घेतले. रामजी एका वाहिनीत साउंडचे काम करतो आणि लोअर परळच्या चाळीत राहतो. मंत्र्यांच्या जॅकेटला, नवरीच्या शालूला, स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईंच्या पदराला, कुठे कुठे म्हणून मी लटकलो नाही! "हा माझा हुकमी माइक," असे रामजी चारचौघांत सांगायचा. तेव्हा मला फार बरे वाटायचे.

दोन वर्षांपूर्वी वाहिनीने मुलींच्या कबड्डीवर एक कार्यक्रम ठरवला. रामजीच्याच चाळीतली दीपिका आणि ठाकूरद्वारची जुई एका संघात खेळत होत्या. जुई डावा कोपरा सांभाळायची. दीपिका तिच्या उजवीकडे, तिचा हात धरून उभी राहायची. बचाव करताना असा हात धरतात, म्हणजे एकीने पकड केली की दुसरी लगेच तिच्या मदतीला जाते. त्या वर्षी एका बँकेच्या संघात बचावासाठी एकच जागा होती. जागा म्हणजे नुसता खेळ नव्हे, कायमची नोकरी. दोघींनीही अर्ज केला होता.

त्यांच्यात स्पर्धा नव्हती असे मी मुळीच म्हणणार नाही. मी जुईच्या टी-शर्टला होतो तेव्हा ती म्हणाली, "दीपे, जागा मला मिळणार हां. तू पेढे खायला ये."

"स्वप्नात मिळव," दीपिका म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की रामजीला आवाज कमी करावा लागला.

कार्यक्रमाच्या निर्मात्या मृणालिनी मॅडमना हे हसणे नको होते. त्यांनी दीपिकाला एकटीला बसवले, मला तिच्या गळ्याशी लावले आणि विचारले, "जुईचा वीक पॉइंट काय?"

दीपिका म्हणाली, "जुईचा उजवा गुडघा कच्चा आहे, म्हणून मी तिच्या उजवीकडे उभी राहते. माझ्या बाजूने कुणाला आत शिरूच देत नाही. ती उभी असली की आमचा कोपरा पडत नाही."

मी यातला शब्द न शब्द ऐकला. कानाला हेडफोन लावून रामजीनेही ऐकले.

टीव्हीवर काय लागले ते मी रामजीच्या घरी, कपाटावरच्या पिशवीतून ऐकले. "जुईचा उजवा गुडघा कच्चा आहे." बस्स, एवढेच. मग धाडकन ढोल वाजला. रामजीची बायको म्हणाली, "अगं बाई, ही जुई कशी खाऊ की गिळू बघतेय!" ती नजर कुठली होती हे मला रामजीच्या पुटपुटण्यावरून कळले. ते दृश्य टिपले त्या क्षणी जुई चहावाल्याला सांगत होती, "साखर कमी टाका हो." ते शब्द काढून टाकले होते आणि नुसती नजर ठेवली होती.

रामजी वाहिनीत एकदाच बोलला होता. "मॅडम, पुढे वाक्य आहे अजून." मॅडम म्हणाल्या, "वेळ नाहीये." आणि तो गप्प बसला. मला त्याचा राग आला होता. अजूनही थोडा आहे.

जुईने दीपिकाचा फोन घेणे बंद केले. सरावाला ती दुसऱ्या टोकाला उभी राहू लागली. निवड चाचणी चार दिवसांवर आली तेव्हा मात्र रामजीला राहवले नाही. तो मला आणि रेकॉर्डर घेऊन ठाकूरद्वारला जुईच्या घरी गेला.

"काका, तुम्ही तिच्या चाळीतले," जुई दारातूनच म्हणाली. "तिचीच बाजू घेणार."

"घेत नाही पोरी. नुसतं ऐक. नंतर हाकलून दे."

हेडफोनमध्ये काय वाजत होते ते मला ठाऊकच होते. जुईने ते पुरे ऐकले. तिने ते पुन्हा लावायला सांगितले. मग तिने दीपिकाला फोन लावला. "दीपे, उद्या सकाळी येतेस ना? उजवीकडे कुणी नाहीये माझ्या."

चाचणीला आमच्या वाहिनीचे कुणी आले नाही. रामजी रजा काढून गेला आणि मी त्याच्या खिशात होतो. दोघी जोडीने उभ्या राहिल्या. लोकांच्या ओरडण्यावरून खेळ छान झाला असावा. मग एका निवडकर्त्याने विचारले, "जुई, तुमच्या गुडघ्याचं टीव्हीवर दाखवलं ते खरंय?"

"खरंय सर."

जागा दीपिकाला मिळाली.

मैदानाबाहेर दीपिका हमसून हमसून रडत होती. "माझ्या एका वाक्याने तुझी नोकरी गेली गं."

"अर्ध्या वाक्याने," जुई म्हणाली. "पुरं मी ऐकलंय." तिला वाईट वाटले नाही असे समजू नका, मित्रांनो. फार वाईट वाटले होते.

रामजीने ते पुरे वाक्य मृणालिनी मॅडमना पुन्हा ऐकवले आणि दाखवा म्हणून विनवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. म्हणाल्या, "छान आहे रे. पण यात भांडण कुठंय?"

आता वाहिनीत बिनतारी माइक आले आहेत. माझी वायर सैल झाली आहे आणि मी कपाटात पडून असतो. त्याचे मला फारसे दुःख नाही. दुःख याचे आहे की ते अर्धे वाक्य अजून लोकांच्या फोनांतून फिरते आहे, आणि जुई कुठल्याही चाचणीला गेली की आधी तिच्या गुडघ्याविषयी विचारतात. पुरे वाक्य या कपाटात माझ्या शेजारच्या रेकॉर्डरमध्ये पडले आहे. मित्रांनो, पडद्यावर दोन मुली एकमेकींच्या वैरिणी दिसल्या, तर ते पुढे पाठवण्याआधी एवढे तरी विचारा, की ती पुढे काय म्हणाली?