केबलच्या नटावरचा टिपका

चौतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली. ‘दोष सापडत नाही’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला मी तिथे कधी माझ्या शेजारी बसून चहा पिऊ दिला नाही. आणि आता माझ्याच दारातली माझीच गाडी दहा दिवस मला वाकुल्या दाखवत होती. सुरू व्हायची झकास. पण ॲक्सिलरेटर दाबा नाहीतर त्यावर उभे राहा, ती आपली गोगलगायीच्या चालीनेच जायची.

मुलगा म्हणाला, राहू द्या बाबा, जुनी झाली ती. सुनेने तर दुसऱ्याच दिवशी नातीला शाळेची व्हॅन लावून टाकली, तात्पुरती म्हणून. नातीला साडेतीनला शाळेतून आणणं, एवढंच या घरात माझं काम उरलं होतं. बाकी मी भाजी आणली तर ती शिळी निघते, नळ दुरुस्त केला तर तो जास्त गळतो. व्हॅनचा हॉर्न वाजला की मी सकाळीच वाचून झालेला पेपर पुन्हा तोंडासमोर धरायचो.

पेडलखालची चटई काढून पाहिली. एअर फिल्टर झटकला. इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल खोलून आतली काजळी पुसून काढली, पार चकचकीत केला. फरक शून्य. चोर सोडून संन्याशाला फाशी.

शेवटी शनिवारी मुलगा कामावर गेल्यावर सुनेला गाडीत बसवलं, पेडल दाबून धर म्हटलं आणि बॉनेटखाली डोकं घातलं. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायचं असतं. डेपोत नवीन आलेल्यांना मीच शिकवायचो, आधी पेडलवर माणूस बसवा, मग पाना उचला. पण घरात कुणाला ‘जरा बस’ म्हणायचं म्हणजे मला विनवणी केल्यासारखं वाटतं. सुनेने पेडल तळापर्यंत दाबलं आणि इंजिनकडचा थ्रॉटल जेमतेम हलला. पेडलपासून थ्रॉटलपर्यंत जाणारी केबल ढिली होती. झिजून नाही की तुटून नाही. केबल ताणून धरणारा नट कुणीतरी पान्याने उलटा फिरवून पुन्हा घट्ट आवळला होता.

आणि त्या नटावर पिवळ्या रंगाचा ताजा टिपका होता.

डेपोत प्रत्येक मिस्त्रीचा एकेक रंग ठरलेला असायचा. नट आवळला की त्यावर आपला रंग लावायचा, म्हणजे पुढे चूक निघाली तर कुणाची ते कळायचं. माझा रंग पिवळा. ती बाटली अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. म्हणजे हे मीच केलं आणि विसरून गेलो? वर्षभरात चष्मा विसरलो, किल्ल्या विसरलो, एकदा गॅस चालू ठेवून फिरायला गेलो होतो. मी बॉनेटला धरून उभा राहिलो. सुनेने आतून विचारलं, पाय काढू का? विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग मी नीट पाहिलं. मी कधी टिपका लावत नाही. मी रेघ ओढतो, नटावरून थेट खालच्या लोखंडापर्यंत. नट फिरला की रेघ तुटते आणि लगेच समजतं. टिपका नटाबरोबरच फिरतो, त्याचा उपयोग काय? हे मी एकाच माणसाला घसा कोरडा करून सांगितलं होतं आणि त्याने दर वेळी टिपकाच लावला होता. पोटच्या पोराने माझ्याकडून काही घेतलं नाही, असं मी गावभर सांगत आलो. घेतलं होतं, पण अर्धवट. माझी जुनी रेघ तिथेच होती, दोन तुकडे झालेली.

मी केबल ताणून घेतली. पेडलला पाय लागताच गाडी गुरगुरली. सून गाडीतून उतरून घरात निघून गेली.

दुपारी मुलगा आला तेव्हा मी इंजिन चालूच ठेवलं होतं. आवाज ऐकून तो फाटकातच थबकला.

“रेघ ओढायची असते,” मी म्हणालो. “टिपका नाही.”

त्याने खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. नाकबूल गेला नाही, तेवढं त्याचं मानलं पाहिजे. मी विचारलं, तोंडाने सांगता येत नव्हतं? बापाच्या गाडीला चोरासारखा हात लावायची वेळ का आली?

“तीनदा सांगितलं, बाबा. तिन्ही वेळा तुम्ही मलाच गाडी कशी चालवायची ते शिकवलंत.”

“त्या दिवशी शाळेतून येताना सिग्नल पिवळा होता.”

“लाल होता. ट्रक हातभर अंतरावरून गेला. पोरीने घरी येऊन मला सांगितलं. वर म्हणाली, आजोबांना बोलू नका, त्यांना वाईट वाटेल.”

उत्तरं माझ्याकडे ढीगभर होती. चौतीस वर्षांत माझ्या हातून सुटलेल्या एकाही बसचा ब्रेक फेल झाला नाही, वगैरे. पण खरं सांगायचं तर सिग्नल पिवळाही नव्हता आणि लालही नव्हता. मला तो दिसलाच नव्हता. ट्रकचा हॉर्न ऐकला आणि मग मी पिवळा ठरवून टाकला. किल्ली काढून घ्यायची हिंमत पोरात नव्हती आणि देऊन टाकायची माझ्यात नव्हती. म्हणून त्याने गाडीला आजारी पाडलं. एवढा राग आला मला त्याचा, आणि तो अजून गेलेला नाही. जेवताना मी त्याच्याकडे बघत नाही.

तो आत गेल्यावर मी पाना घेतला. नट आधी होता तितकाच पुन्हा उलटा फिरवला, घट्ट आवळला. त्याचा टिपका पुसला आणि पेटीतून बाटली काढून नटावरून लोखंडापर्यंत माझी रेघ ओढली. ती थोडी वाकडी आली.

सोमवारी चारच्या सुमारास व्हॅनचा हॉर्न वाजला. नात उतरून थेट गाडीपाशी आली आणि तिने विचारलं, “झाली दुरुस्त, आजोबा?”

“नाही गं,” मी म्हणालो. “दोषच सापडत नाही.”