कार्बोरेटर चोंदलाय म्हणाला होता

कार्बोरेटरची वाटी उघडली आन् आंबूस घाण वास माझ्या नाकात शिरला. तळाला तपकिरी राप बसलेला, फणसाच्या चिकासारखा. आमचे हे पेचकस हातात धरून तसेच बसून राहिले.

"सुचिता, यात पेट्रोल कुठनं आलं?"

"मला काय इचारता? गाडी तुमची."

दोन वर्षांमागं हे मस्कतला कामाला गेले, तवा गाडी निजवून गेले होते. आमच्याकडं पावसाळ्यात होडी वर ओढली की तिचं इंजिन कोरडं करतात, ग्रीस चोळतात, गुंडाळून ठेवतात. ह्यांचा जन्म होडीवर गेलेला, म्हणून फटफटीलापण तोच कायदा. टाकी ओतून काढली, कार्बोरेटरची वाटी फडक्यानं पुसली, वर ताडपत्री बांधली आन् गाडी नागावच्या वाडीतल्या खोपीत ठेवली. चावी धाकट्या भावाच्या, हर्षदच्या हातात दिली. वाडीतल्या पाहुण्यांच्या खोल्या तोच बघतो. मी घरी रांधते, डबे तिकडं जातात. माझं पाऊल काही वाडीत पडत न्हाय; आज परत आल्यावर हेच गाडी ढकलत घरी घेऊन आले. "घरात अडचण आली तरच गाडी काढ," असं ह्यांनी त्याला बजावलं होतं.

आन् अडचण आली. मागच्या नाताळात बोर्लीहून माझ्या भावाचा, येसाजीचा फोन आला. बाबांचं काही खरं न्हाय, तुझं नाव घेतायत, निघ. रिक्षावाले सगळे पाहुण्यांत अडकलेले, एसटी गेलेली. आगरदांड्याची शेवटची बोट मिळाली असती तर दिघीला उतरून मी त्याच दिवशी बोर्लीत पोचले असते. हर्षदला फोन केला, गयावया केली.

"वैनी, गाडी चालूच न्हाय होत," तो म्हणाला. "कार्बोरेटर चोंदलाय. दादानं बांधून ठेवली, आता मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी पोचले तर बाबांना स्मशानात नेलेलं होतं. येसाजी दारातच म्हणाला, "उरकली का पाहुण्यांची जेवणं?" गाडी बंद होती हे कुणी खरं मानलं न्हाय, तवापासून मला माहेर न्हाय. आई फोन उचलत न्हाय. आन् मी येडी, वर्षभर ह्या गाडीला आन् तिला बांधून ठेवणाऱ्या नवऱ्याला शिव्या घालत बसले.

ह्यांनी फिल्टर झटकला. भुरभुर रेती पडली.

"किनाऱ्यावर फिरवलीय ही," हे म्हणाले. "मी येणार म्हणून हर्षदनं टाकी ओतून काढलीन, ताडपत्री बांधलीन, पण वाटीतलं काढायचं इसरला."

मी लगेच फोन लावला. हर्षदला बोलावून घेतलं.

"गाडी कुणाला दिलेलीस?" ह्यांनी विचारलं.

"कुणाला न्हाय, दादा. तुझ्या गळ्याशपथ."

ह्यांनी वाटी त्याच्या नाकाखाली धरली. तसा तो खाली बघायला लागला. "पाहुण्यांना भाड्यानं देत होतो. किनाऱ्यावर सगळेच देतात."

"माझा फोन आला तवा गाडी चालू होती?" मी विचारलं.

"होती, वैनी. पुण्याच्या पोरांकडं होती. मागून घेतली असती तर त्यांनी तमाशा केला असता. आन् तुला नेलं असतं तर भाड्याचं दादाला कळलं असतं."

"अरे, पण रेतीत कशाला घालायची?" हे ओरडले. "पिस्टन गेला असता म्हणजे?"

मी ह्यांच्यापुढं झाले. "आन् माझे बाबा?"

"गेलेला माणूस परत येतो का? धाकटा हाय तो. घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

हर्षदनं मला फसवलं ते एकदा. पण हे वाक्य मला जास्त लागलं. ज्याच्यासाठी दोन वर्षं वाट बघितली, त्याला पिस्टन आधी आठवला.

मग दोघे भाऊ मांडीला मांडी लावून बसले. जेटच्या बारीक भोकातनं तार फिरवली, पेट्रोलनं वाटी धुतली, फुंकरा मारल्या. गाडी सुरू झाली तसे दोघं हसले. मी आत जाऊन लुगडं बदललं आन् पिशवी घेऊन बाहेर आले.

"हर्षद, बस गाडीवर. बोर्लीला जायचंय."

"आत्ता? कशाला?"

"तिथं मी तोंड उघडणार न्हाय. जे आत्ता बोललास ते येसाजीसमोर आन् माझ्या आईसमोर तू बोलायचंस."

"सुचिता, घराची अब्रू जाईल," हे म्हणाले.

"तुमच्या घराची अब्रू मी माझं माहेर घालवून राखलीय. आता पुरे."

हर्षद भावाकडं बघत राहिला. हे फडक्यानं हात पुसत राहिले. मी मागं जाऊन बसले.

आगरदांड्याला बोट मिळाली. येसाजी दारात आला, मला बघून आत वळायला लागला.

"पाव्हणं, थांबा," हर्षद म्हणाला. पुढं त्याची जीभ रेटेना. तो मागं सरकला. मागं मी उभी होते. हलले न्हाय.