मुणगीची पुळण

बाबल खोबरेकराची थोरली लेक शेवंती लग्न होऊन गेली, त्या वर्षी मुणगीची पुळण आखडू लागली. एकदा रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढलं की बारा पावलं वाळू कमी. समुद्राने ती खाल्ली नव्हती. पुळणीच्या एका टोकाची मुणगी आणि दुसऱ्या टोकाचं तारवट, ही दोन गावंच तेवढी जवळ सरकत होती.

रापणीच्या जाळ्याला दोन दोऱ्या. एक मुणगीकर ओढत, दुसरी तारवटकर. रिवाज असा, की जाळं वाळूवर येण्याआधी जो दोरी सोडील त्याच्या गावाने पुन्हा रापण टाकायची नाही. मुणगीच्या दोरीवर पहिला हात बाबलचा, तारवटच्या दोरीवर जिवाचा. जिवा हा बाबलचा धाकटा सख्खा भाऊ, तिकडे घरजावई गेलेला.

आधी होड्या ठेवायची जागा गेली. मग बांगडे सुकवायची. बाबलची बायको सुंद्री टोपली घेऊन उभी राहिली.

"उद्या तुमच्या टकलार सुकवू काय?"

"जिवाक सांग."

"तो तुमचो भाव."

"घरजावयाक भाव नसता," बाबल म्हणाला आणि थुंकला.

माघात पुळण होडीएवढी उरली. भाऊ समोरासमोर आले.

"सोड रे मेल्या! तुझ्या बापाशीची पुळण ही?" बाबल ओरडला.

"होय. आणि तुझ्या बापाशीचीपण."

मागची माणसं हसली. दोरी कोणीच सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी तारवटचे उंबरे मुणगीच्या अंगणांना येऊन टेकले. जाळं वर आलं. पण वाळूच नव्हती, तेव्हा जाळं वाळूवर आलं असं कोणाला म्हणता येईना. ओढणं चालूच राहिलं.

भाऊ नाकाला नाक लावून ओढत होते. बाबलच्या हाताला दोरी ऊन लागली. त्याने पाहिलं, ती जिवाच्या बेंबीतून येत होती. त्याच्या स्वतःच्या पोटातून निघालेली जिवाच्या मुठीत होती.

"दुखता," जिवा म्हणाला.

"मगे सोड."

"तू सोड आधी."

"मी थोरलो. माका शिकवतंस?"

बाबलला इतका संताप आला, की त्याने दोरीचा वेढा मनगटाला घेतला आणि टाच रोवली. जिवा कमरेएवढा झाला, मग गुडघ्याएवढा. मुठी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि बाबलच्या पोटातली दोरी त्यांनी सोडली नाही.

जिवा खोबरेकर माघ वद्य पंचमीला, बुधवारी, भर दुपारी मेला. बाबल त्याच दुपारी, आणखी चार हात दोरी ओढून झाल्यावर.